बोकडाची धडक

यावुंदे, १२ जानेवारी २०१४

प्रिय सिदोनीमावशी,

काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेली चवळीची कोकी निम्मी टॅक्सीवाल्या बोनाव्हांतूरने गाडी चालवता चालवताच संपवली. वर मलाच म्हणाला, "डॉक्टर, मावशीच्या हाताची चव तुमच्या घराण्यात पुढे कुणाला आली नाही वाटतं."

तुझ्या गिरणीला पेटी लावू दिलीस, त्याचे आभार मानले तर तू ओरडशील, म्हणून मानत नाही. निघताना घाई झाली, तेव्हा सगळं पुन्हा लिहून ठेवतो. पेटीत वीतभर लांबीची पोलादी पट्टी आहे. तिच्या टोकाला एक लोहचुंबक आणि समोर दोन. त्यामुळे पट्टीला बसायला दोन जागा आहेत, एक डावी, एक उजवी. गिरणी थरथरली की पट्टी हलते, वाकते, आणि तिच्या मुळाशी चिकटवलेल्या चकत्यांतून इवलीशी वीज निघते. एकाच जागी बसून नुसती थरथरली तर वीज नावापुरतीच. पण या जागेवरून त्या जागेवर उड्या मारायला लागली की खरी वीज! पुरेशी साठली की हिरवा दिवा एकदा लुकलुकतो. पुढे याच विजेवर इंजिनाची तब्येत बघणारं छोटं यंत्र बसवायचंय. ना सेल, ना तार.

तू फक्त दर शुक्रवारी पेटीतलं आकडे साठवणारं कार्ड बदल आणि जुनं बोनाव्हांतूरकडे दे. बाकी कशाला हात लावू नकोस.

आमच्या प्रयोगशाळेतलं थरथरतं टेबल डिसेंबरात जळलं, हे तुला सांगितलंच. आमचे प्रमुख एसिम्बी सर म्हणतात, टेबलावर काहीही नाचतं, खऱ्या यंत्रावर नाचवून दाखव. जूनमध्ये दुआलाला परिषद आहे. तिथे दाखवायला काही नसेल तर आमची खोली दुसऱ्या विभागाला जाईल. म्हणजे आता सगळी भिस्त तुझ्या गिरणीवर.

तुझा,
आनिसे

*

बातेकु, २६ जानेवारी

आनिसे बाळा,

दोन कार्डं नीट पाठवत आहे, चिठ्ठीत गुंडाळून. बोनाव्हांतूरला बजावलंय, याच्यावर तेलाचे हात लावलेस तर माझ्या दारात दळण आणू नकोस.

तुझी पेटी मात्र झोपली आहे. अख्ख्या दिवसात दिवा लुकलुकला दोनदा. दळणाच्या रांगेतल्या बायका माझी थट्टा करतात. जुस्तीन म्हणाली, "सिदोनी, तुझ्या भाच्याने गिरणीला देव्हारा लावलाय की काय?" दुसरी म्हणाली, पेटी गिरणीचा जोर ओढून घेते, म्हणून पीठ भरड येतं. मी तिला म्हटलं, तुझा मका ओला आहे, त्याला माझा भाचा काय करणार! एक म्हातारी रोज येऊन विचारते की डॉक्टर पुन्हा कधी येणार, तिचे गुडघे दुखतात. तिला मी किती वेळा सांगू की तू कामाचा डॉक्टर नाहीस?

पण मला एक कळत नाही. तू एवढा शिकलास आणि सांगतोस की थरथर हवी. आमचा मोइझ मेकॅनिक गेली वीस वर्षं सांगतोय की थरथर वाईट, थरथर कमी करा. मग चांगली कोणती? तुला नक्की जास्त हवी आहे की कमी? नीट एका वाक्यात लिही, मला वाकडी उत्तरं नकोत.

तुझ्या आईला मी शब्द दिला होता की तुला शिकवून शेवटपर्यंत पोचवीन. तो शेवट कुठे आहे तेही एकदा कळव.

तुझी मावशी

*

यावुंदे, ९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

कार्डं बघितली. पट्टी एका जागेवर बसून राहते. तिच्या बाजूने बोलायचं तर चूक तिची नाही. माझ्या गणिताप्रमाणे एवढ्या थरथरीत ती उड्या मारू शकते, पण मारेलच असं नाही. तीच थरथर, तीच पट्टी, आणि तरीही दोन वेगळी वागणी. ती कुठून सुरू झाली यावर सगळं ठरतं. हेच मी आठ वर्षं शिकवतोय आणि आता तेच मला छळतंय.

तुला एका वाक्यात उत्तर हवंय ना? घे. गिरणी थोडी जास्त थरथरली असती तर पट्टी पलीकडे गेली असती आणि माझे सगळे प्रश्न मिटले असते. पण गिरणीला कोण सांगणार? जाऊ दे.

थरथर मोजायचं उसनं यंत्र जानेवारीतच परत करावं लागलं, त्यामुळे आता मला फक्त पट्टीची वीज दिसते, गिरणी नाही. काल सरांनी खोलीत येऊन भिंती मापल्या. टेप गुंडाळला आणि गेले.

आनिसे

*

बातेकु, २ मार्च

आनिसे,

दिवा नाचायला लागला!

आता तो मोजायचा तरी कसा? एक दळण संपेपर्यंत वीस-पंचवीस वेळा लुकलुकतो. जुस्तीन पेटीसमोर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी तिला म्हटलं, बघ, आता बोल देव्हारा म्हणून. गिरणी कशी अंगात आल्यासारखी चालते आहे. पीठ थोडं कमी-जास्त येतं, पण बायकांना चालतंय.

मोइझ आला होता, म्हणाला, "मावशी, आवाज बदललाय, जरा बघू दे." मी त्याला म्हटलं, आवाज तुझ्या कानाचा बदललाय, वय झालं तुझं. पेटी माझ्या भाच्याची आहे, तिच्या आसपास कुणी फिरकायचं नाही.

आता तरी जेव. मागच्या वेळी तुझा शर्ट तुझ्यावर वाळत घातल्यासारखा दिसत होता.

मावशी

*

यावुंदे, १६ मार्च

प्रिय मावशी,

कार्ड उघडलं आणि मी उठून खोलीला दोन फेऱ्या मारल्या. वीज तब्बल अठरा पट! पट्टी पलीकडे गेली आहे आणि तिथून परत यायचं नाव घेत नाही. सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि नेहमीसारखं आडनावाने हाक मारत म्हणाले, "त्सोबेन, हे लिहून काढ. आजच."

लिहितोय. पण माझं डोकं काम करत नाही. गिरणी तीच, थरथर तीच, मग पट्टी एकाएकी दुसऱ्या वागण्यावर गेली कशी? कुणीतरी किंवा कशाने तरी तिला ढकललं असणार. बरं, एकदा ढकलली हे मान्य केलं, तरी तू रोज संध्याकाळी गिरणी बंद करतेस. सकाळी पुन्हा सुरू केली की पट्टीने निम्म्या वेळा तरी जुन्या जागी बसून राहायला हवं. ती रोज उड्या मारते. रोज! माझ्या वहीत आता एवढी प्रश्नचिन्हं झाली आहेत की माझा मलाच राग येतो.

मावशी, आठवून सांग. २० ते २२ फेब्रुवारीच्या आसपास काय घडलं? पेटीला धक्का लागला? काही पडलं? कुणी आदळलं? छोट्यात छोटी गोष्टही लिही. या एका उत्तरावर माझा अख्खा शोधनिबंध उभा आहे.

आनिसे

*

बातेकु, ३० मार्च

आनिसे,

तू विचारलंस म्हणून आठवून आठवून सांगते. त्या सुमाराला एक बोकड आत शिरला होता. काळा, एक शिंग मोडलेला. मक्याच्या वासाने आला असणार. मी झाडू घेऊन मागे धावले तेव्हा तो घाबरून पेटीवर आदळला. धाडकन. बोकड जुस्तीनच्या दिराचा, त्याला मी चार शब्द सुनावले. एवढंच झालं. आता पुन्हा विचारू नकोस, मला दळणं असतात.

तुझ्यासाठी अवोकाडो पाठवले आहेत. बोनाव्हांतूरकडून मोजून घे.

मावशी

*

यावुंदे, १३ एप्रिल

प्रिय मावशी,

अवोकाडो सात मिळाले. तो म्हणतो सातच होते.

तुझा बोकड निबंधात गेला. "बाहेरून बसलेला एक आकस्मिक धक्का" या नावाने. सर हसून हसून लाल झाले. म्हणाले, सहलेखक म्हणून त्याचं नाव घालू या का? निबंध स्वीकारला गेलाय, ६ जूनला दुआलाला मी बोलणार आहे. खोलीचं काय ते विचारल्यावर सर म्हणाले, "आता कोण मागतो ती?"

आनंद व्हायला हवा ना? होतोय, आणि मध्येच अडकतोय. इथे पाण्याच्या पंपावर मी तशीच दुसरी पेटी बसवली आणि रबरी हातोडीने तिला रोज धक्के दिले. डावीकडून, उजवीकडून, हळू, जोरात. पट्टी पलीकडे जाते आणि पंप बंद करून चालू केला की परत जुन्या जागी. पाचशे बारा धक्के झाले. पंपवाला मला लांबून नमस्कार करून निघून जातो. मला जे जमत नाही ते एका बोकडाला एका धडकेत कसं जमलं?

तो नक्की कुठून आला? दाराकडून की इंजिनाकडून? शिंगाने की अंगाने? जमलं तर चित्र काढ.

आनिसे

*

बातेकु, ११ मे

आनिसे,

गिरणी बंद आहे. पट्टा तुटला. म्हणून दिवाही बंद आहे, काळजी करू नकोस. शेवटचं कार्ड पाठवत आहे. मोइझ काम करतोय.

बोकड दाराकडून आला.

मावशी

*

यावुंदे, १८ मे

मावशी,

तुझं अक्षर असं का? ओळी खाली घसरल्या आहेत आणि "आनिसे" लिहिताना दोनदा कागद फाटलाय. तुला काय झालंय?

आणि दुसरं. हे लिहू की नको याचा चार दिवस विचार केला. पहिल्या उडीनंतर तुझ्याकडून आलेल्या आकड्यांची मी आजवर नुसती सरासरी काढत होतो. या वेळी ते एकेका दिवसाप्रमाणे मांडले. २१ फेब्रुवारी, वीज वर. मग हळूहळू थोडी उतरते. ७ मार्च, पुन्हा वर. २१ मार्च, वर. ११ एप्रिल, वर. २५ एप्रिल, खूपच वर. मी कॅलेंडर काढलं. सगळे शुक्रवार आहेत. तू कार्ड बदलतेस ते शुक्रवार.

मावशी, बोकड काय शुक्रवारी-शुक्रवारीच येतो?

शेवटच्या कार्डात ३ मेला, शनिवारी, सकाळी दहाच्या सुमाराला वीज इतकी उसळली आहे की रेघ कागदाबाहेर गेली. त्यानंतर काही नाही. मी त्या रेघेकडे बघत बसलोय आणि मला पहिल्यांदाच वाटतंय की तिथे पट्टी नव्हती, तू होतीस.

मी रागावलेलो नाही. मला काहीच कळत नाही एवढंच. खरं काय ते लिही.

आनिसे

*

बातेकु, २५ मे

आनिसे,

डाव्या हाताने लिहिते आहे, उजवा बांधलेला आहे. मनगटाच्या वर मोडलाय. हाड बसवणारा म्हणतो जुळेल.

बोकड नव्हता. म्हणजे बोकड आहे, जुस्तीनच्या दिराकडेच आहे, पण तो बिचारा कधी गिरणीत आला नाही. गिरणी चार बोल्टांवर पायाला बसवली आहे, तुला माहीत आहे. २१ फेब्रुवारीला कार्ड बदलताना मी पाना घेतला आणि मागचे दोन नट अर्धा-अर्धा फेरा सैल केले. गिरणी डुलायला लागली आणि तुझा दिवा नाचायला लागला. दिवा मंदावला असं वाटलं की पुढच्या शुक्रवारी अजून थोडे. प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, हा शेवटचा.

३ मेला बाजाराचा दिवस, रांग दारापर्यंत. गिरणी पायावरून वीतभर सरकली, पट्टा तुटला आणि माझ्या हातावर फटकन बसला. जुस्तीन पाठीवर नातवाला बांधून तिथेच उभी होती. एक पाऊल पुढे असती तर मी आज कुणाला तोंड दाखवलं असतं? त्या दिवसापासून डोळे मिटले की मला माझा हात दिसत नाही, त्या पोराचं डोकं दिसतं.

मोइझने नट बघितले आणि माझ्याकडे बघितलं. मग पाना उचलून कामाला लागला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

आता माझंही ऐक. तू लिहिलंस, गिरणी थोडी जास्त थरथरली असती तर सगळे प्रश्न मिटले असते. गिरणीला कोण सांगणार, असं लिहिलंस. मी विचार केला, गिरणी माझी, मीच सांगेन. पत्र माझ्याकडे आहे, पाहिजे तर बघ. मग मी चुकले कुठे ते मला समजावून सांग, कारण मला अजून नीट कळलेलं नाही. तुला थरथर हवी होती, मी दिली. तू विचारलंस बोकड कुठून आला, शिंगाने की अंगाने. मला एकदाही विचारलं नाहीस की मावशी, तू काही केलंस का?

नट आता घट्ट आहेत. ही गोष्ट मोइझ, तू आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. मोइझ बोलायचा नाही. दुआलाला जा, बोल, खोली राख. इथे बघायला कोण येतंय?

मावशी

*

यावुंदे, ८ जून

प्रिय मावशी,

परवा दुआलाला बोललो. लिहून नेलेलं भाषण खिशातच राहिलं. उभा राहिलो आणि सांगितलं की या निबंधातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे, यंत्राचे नट सैल होते, थरथरच वाढत गेली होती, आणि मी ती मोजली नाही. निबंध परत घेतो. पन्नासएक माणसं होती. पहिल्या रांगेतले एक जण "मग आता पुढचा वक्ता?" असं म्हणाले आणि मी खाली बसलो.

परतीच्या वाटेवर सरांनी नजर समोरच ठेवली. वाटेत एदेआ गावात गाडी थांबवून त्यांनी उकडलेली अंडी घेतली, एक मला दिलं आणि पुन्हा गाडी सुरू केली. सोमवारी खोलीची किल्ली द्यायची आहे.

तू विचारलंस की तू चुकलीस कुठे. मी बसून तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तिन्ही फाडली. तू काय करायला नको होतंस ते मला सांगता येतं, पण त्या प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला माझंच वाक्य येतं. मी आठ वर्षं शिकवतोय की ढकलणारं कोण ते आधी शोधा. आणि पेटीजवळ रोज उभं राहणारं माणूस मी हिशोबातच धरलं नाही.

हाताला जोर देऊ नकोस. परीक्षांचे पेपर तपासून झाले की येतो.

आनिसे

*

बातेकु, ६ जुलै

आनिसे,

तू पेपर तपासत बसलास आणि इकडे तुझे एसिम्बी सर येऊन गेले.

गुरुवारी दुपारी एक उंचच उंच माणूस दारात उभा. चांगले बूट, त्यावर पीठ. मला वाटलं सरकारी माणूस. म्हणाला, "इथे खरंच गिरणी आहे तर!" मी म्हटलं, मग काय, चर्च वाटलं? तेव्हा त्यांनी नाव सांगितलं. बसायला दिलं, कोकी दिली, केळी उकडून दिली. खाल्लं सगळं, पण चेहरा आंबटच.

मग म्हणाले, "बाई, तुमच्या भाच्याने माझा विश्वासघात केला. त्याने दुआलाला सगळ्यांसमोर कबूल केलं की नट त्यानेच सैल केले. मी त्याची किल्ली काढून घेतली, आता नोकरीचंही बघावं लागेल. पण मला झोप लागत नाही. हा मुलगा असं करणारा नाही. म्हणून म्हटलं, जागा तरी बघून यावी."

आनिसे, मी तिथेच पिंपावर बसले. तू मला काय लिहिलंस? "नट सैल होते." कुणी केले ते गिळलंस. मला वाटलं माझा भाचा खरं बोलून आला, म्हणून मी तीन आठवडे मान वर करून बाजारात फिरले. आणि तू तिकडे पन्नास माणसांसमोर माझं पाप आपल्या डोक्यावर घेऊन उभा होतास! तुला कुणी सांगितलं होतं? मी काय काचेची आहे? बोकड मी बनवला म्हणून मला बोलायला तुझ्याकडे आता तोंड राहिलं नाही, एवढं लक्षात ठेव.

मी उठले, फळीवरून पाना काढला आणि तुझ्या सरांच्या हातात दिला. म्हटलं, हा बघा, याने, आणि या हाताने. बांधलेला हात दाखवला. तारखा सांगितल्या. तुझं ते फेब्रुवारीचं पत्रही आणून दिलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. मग तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. हसत होते की रडत होते ते मला अजून कळलेलं नाही. जुस्तीन म्हणते हसत होते, मला तसं वाटत नाही.

नंतर कोट काढून गिरणीमागे वाकले आणि तासभर ते बोल्ट, पाया, पेटी बघत बसले. मोइझला बोलावलं. दोघं एकमेकांशी भांडल्यासारखे बोलत होते आणि खुशीत होते. जाताना म्हणाले, किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, तू जाऊन घ्यायची, ते आणून देणार नाहीत. खोलीचं मात्र त्यांच्या हातात राहिलेलं नाही, अर्धी दुसऱ्यांना गेली, अर्धी तुझी. आणि पेटी आता घट्ट नटांवर वर्षभर चालवायची, थरथर मोजायच्या यंत्रासकट. ते यंत्र ते स्वतः पाठवणार आहेत. मी म्हटलं, माझी परवानगी कोण विचारणार? तर खरंच टोपी काढून विचारली. मी म्हटलं, आधी भाच्याशी बोलते, मग सांगते.

तर तुला सांगते. मला अजून तुझी पट्टी कळलेली नाही आणि तूही कळलेला नाहीस. मी कशाला खोटं बोलले ते मला ठाऊक आहे, पण तू का बोललास हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. पत्रात नको. पत्रात तू फार नीट लिहितोस आणि मी फार चटकन समजते.

येत्या मंगळवारी गावचा बंदीचा दिवस आहे, कुणी शेतात जात नाही आणि कुणी दळण आणत नाही. त्या दिवशी ये. गिरणी बंद असेल, आपल्याला एकमेकांचं ऐकू येईल.

मावशी